मोबाईलनं चांगला फोटो कसा काढायचा आणि कॅमेरा कधी खिशात ठेवायचा? इंझोरी परिसरातल्या उदाहरणांसह सोपी माहिती

आज गावात घरटी एक तरी स्मार्टफोन आहे आणि प्रत्येक स्मार्टफोनमध्ये कॅमेरा आहे. म्हणजे आपण सगळेच फोटोग्राफर झालो आहोत. पोळ्याला सजवलेली बैलजोडी, पोहरादेवीची यात्रा, कारंज्याच्या माळरानावरची काळविटं, सोयाबीनचं शेत, मित्राचं लग्न, सगळं आपण टिपतो आणि पाच मिनिटांत स्टेटसला टाकतो.

पण फोटो काढताना दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक म्हणजे फोटो चांगला कसा येतो, आणि दुसरी म्हणजे फोटो काढताना समोरच्याशी कसं वागायचं. पहिल्या गोष्टीचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. दुसरीबद्दल फारसं कुणी सांगत नाही, आणि भांडणं, बदनामी, कधी कधी पोलीस केससुद्धा त्या दुसऱ्या गोष्टीमुळेच होतात. म्हणून या लेखात आपण दोन्ही गोष्टी पाहणार आहोत. उदाहरणं वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरी गावाच्या आसपासची घेतली आहेत. तुमचं गाव दुसरं असलं तरी नियम तेच लागू पडतात.

चला तर मग, सुरुवात करूया.

१. आधी लेन्स पुसा

ऐकायला साधं वाटतं, पण मोबाईलचे निम्मे फोटो इथेच बिघडतात. फोन दिवसभर हातात आणि खिशात असतो. बोटांचं तेल आणि घाम लेन्सवर बसतो, शेतात गेलात की वरून धूळ. मग फोटो धुरकट येतो आणि दिव्याभोवती पांढरे पट्टे दिसतात. आपल्याला वाटतं कॅमेराच खराब आहे. चष्मा पुसायचं कापड किंवा स्वच्छ सुती रुमाल घ्या आणि हलक्या हातानं पुसा. धूळ जास्त असेल तर आधी फुंकर मारा, नाहीतर मातीचे कण काचेवर घासले जाऊन ओरखडे पडतात.

२. मेगापिक्सेल आणि झूमचं गणित

फोनच्या खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचा येतो. ही फसवणूक नाही. फोनचा सेन्सर बोटाच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो. त्यावरचे पिक्सेल फारच बारीक असल्यामुळे एकेकट्या पिक्सेलला पुरेसा प्रकाश मिळत नाही. म्हणून शेजारचे चार पिक्सेल मिळून एक पिक्सेल म्हणून काम करतात. ५० भागिले ४ म्हणजे साडेबारा. रोजच्या वापरासाठी हा फोटो एकदम पुरेसा आहे.

झूमचंही तसंच. स्क्रीनवर दोन बोटं फाकवून आपण जो झूम करतो, तो बहुतेक फोनमध्ये डिजिटल झूम असतो. म्हणजे फोन फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. लांबची गोष्ट खरोखर जवळ येत नाही, फक्त तपशील फुटतात. फोनमध्ये वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तेवढ्यापुरता खरा झूम मिळतो. बाकी वेळी चार पावलं पुढे जाणं हाच सगळ्यात चांगला झूम. पुढे जाता येत नसेल तर तसाच फोटो काढा आणि नंतर क्रॉप करा.

माणसाचा चेहरा टिपताना मात्र उलटं करा. अगदी जवळ जाऊन साध्या लेन्सनं चेहरा काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोन-तीन पावलं मागे या आणि २एक्स वापरा. ग्रुप फोटोसाठी अल्ट्रा वाइड लेन्स वापरली तर कडेला उभी असलेली माणसं ताणल्यासारखी रुंद दिसतात. शक्य असेल तर मागे सरकून साध्या लेन्सनंच ग्रुप फोटो घ्या.

३. प्रकाश: सकाळ आणि संध्याकाळ आपली

फोटो म्हणजे शेवटी प्रकाशच. इंझोरीचा परिसर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर येतो. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य जवळपास बरोब्बर डोक्यावर असतो. अशा उन्हात कपाळ आणि नाक चमकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि माणूस डोळे मिचकावतो.

उपाय सोपा आहे:

• सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा साधारण एक तास वापरा. उजेड तिरका आणि पिवळसर असतो. सोयाबीनच्या शेंगांवरची लव, तुरीची पिवळी फुलं, नांगरलेल्या काळ्या मातीचे तास, सगळं उठून दिसतं.

• दुपारीच फोटो काढायचा असेल तर माणसाला लिंबाच्या झाडाखाली किंवा ओसरीत उभं करा. सावलीच्या कडेला उभं केलं तर समोरून मऊ उजेड येतो. पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

• घरात असाल तर माणसाला खिडकीकडे किंवा उघड्या दाराकडे तोंड करून बसवा. दार पाठीमागे आलं तर चेहरा काळा पडतो.

• ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. ढगामुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो. चेहऱ्यासाठी आणि फुलांसाठी हा उजेड फार छान.

४. बोट ठेवा, मग उजेड ठरवा

फोटो काढताना बरेच जण फोन वर धरतात आणि सरळ बटण दाबतात. त्याऐवजी ज्याचा फोटो काढायचा आहे त्यावर स्क्रीनवर बोट टेकवा. फोन तिथे फोकस करतो आणि उजेडही त्या जागेप्रमाणे मोजतो. शेजारी सूर्याचं लहान चिन्ह येतं. ते वर-खाली सरकवलं की फोटो उजळ किंवा गडद होतो. बहुतेक फोनमध्ये बोट थोडा वेळ दाबून ठेवलं तर फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात.

पांढरा सदरा-धोतर घातलेल्या सावळ्या आजोबांचा फोटो काढताना हे फार कामाला येतं. कॅमेरा पांढरा रंग पाहून सगळा फोटो गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी चेहऱ्यावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह किंचित वर करा. आजोबांचा रंग आहे तसाच दिसू द्या. ब्यूटी फिल्टर लावून त्यांना गोरं करायची गरज नाही.

५. चौकटीत काय ठेवायचं?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड सुरू करा. स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा दिसतील. या रेघांचे दोन फायदे. एक, क्षितिज किंवा शेताचा बांध आडव्या रेघेला समांतर ठेवला की फोटो तिरपा येत नाही. दोन, मुख्य गोष्ट बरोबर मधोमध ठेवण्याऐवजी रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवून पाहा. बैलजोडी डावीकडून उजवीकडे चालली असेल तर तिला डाव्या रेघेजवळ ठेवा. पुढे चालायला जागा दिसली की फोटो मोकळा वाटतो. पण हा नियम काही दगडावरची रेघ नाही. देवळाचं दार, रांगोळी, तुळशी वृंदावन अशा गोष्टी मधोमधच शोभतात.

बटण दाबायच्या आधी एक सेकंद पाठीमागचं पाहून घ्या. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, वाळत घातलेले कपडे, कुणाची तरी अर्धी मोटारसायकल, या गोष्टी तेव्हा लक्षात येत नाहीत आणि नंतर खुपतात. एक पाऊल बाजूला झालं तरी काम होतं.

उंचीही बदलून पाहा. लहान मुलाचा फोटो उभ्यानं काढला तर मूल बुटकं आणि डोकं मोठं दिसतं. खाली बसा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरा.

६. रात्रीचे फोटो आणि लाइटिंगचे पट्टे

नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही. दोन-तीन सेकंदांत अनेक फोटो काढून ते एकावर एक जुळवतो. म्हणून तेवढा वेळ हात स्थिर हवा. कोपर भिंतीला किंवा गाडीच्या सीटला टेकवा आणि टायमर लावा. समोरची माणसं हलत असतील तर नाइट मोडमध्ये ती पुसट येणारच. देवळाची रोषणाई, चांदण्या रात्रीचं शेत अशा न हलणाऱ्या गोष्टींसाठी हा मोड ठीक.

लग्नाच्या मांडवात किंवा वरातीत व्हिडिओ काढताना आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात ना? त्याचं कारण फोन नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे बहुतेक वेळा जातात.

फोनच्या फ्लॅशचा उजेड दोन-तीन मीटरच्या पुढे नीट पोचत नाही. स्टेजपासून लांब बसून फ्लॅश मारण्यात काहीच अर्थ नाही. उजळते ती फक्त पुढच्या माणसाची पाठ.

इथपर्यंत झालं तंत्र. आता मित्रांनो, वागणुकीकडे येऊया.

७. "काकू, फोटो काढू काय?"

वर दिलेलं वाक्य पाठ करून ठेवा. शेतात निंदण करणाऱ्या बाया, बाजारात भाजी विकणारी आजी, पारावर बसलेले म्हातारे बाबा, यांचे फोटो सगळ्यांनाच आवडतात. पण ती माणसं देखावा म्हणून तिथे बसलेली नसतात. निंदताना बाईनं पदर खोचलेला असतो, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट असतो, घाम आलेला असतो. तिला त्या अवतारात शंभर लोकांच्या स्टेटसवर जायचं आहे की नाही, हे तिनं ठरवायचं.

विचारलं तर फोटो बनावटी येतो, अशी अनेकांची तक्रार असते. त्यावर सोपी युक्ती आहे. आधी विचारा, होकार घ्या, मग थोडा वेळ गप्पा मारा आणि त्यांना त्यांचं काम करू द्या. पाच मिनिटांत माणूस कॅमेरा विसरतो. फोटो काढल्यावर स्क्रीनवर दाखवा. "हा नको" म्हणाल्या तर त्यांच्यासमोर डिलीट करा. "पाठवते का मले?" असं विचारलं तर घरातल्या कुणाचा तरी नंबर घेऊन खरंच पाठवा. पाठवतो म्हणून विसरणाऱ्या पोराला पुढच्या वेळी कुणी उभं करत नाही.

आणि फोटो काढायची परवानगी म्हणजे पोस्ट करायची परवानगी असं समजू नका. दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा.

बंजारा तांड्यावर गेलात तर हे आणखी सांभाळा. आरसे लावलेली कांचळी, घेरदार फेटिया आणि हातभर बांगड्या घातलेल्या वयस्कर बायांकडे बाहेरून आलेले लोक सरळ कॅमेरा रोखतात. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. "याडी, फोटो काढू का?" एवढं विचारलं तरी चेहऱ्यावरचा भाव बदलतो, आणि तोच भाव फोटोत येतो.

८. मुली, लहान मुलं आणि कायदा

इथे जरा गंभीर होऊया. रस्त्यानं जाणाऱ्या मुलीचा, बसमध्ये समोर बसलेल्या बाईचा चोरून फोटो काढणं ही गंमत नव्हे. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहा:

• माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ६६ई प्रमाणे कुणाच्याही शरीराच्या खाजगी भागाचा फोटो संमतीशिवाय काढणं, पाठवणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

• १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे स्त्री खाजगी अवस्थेत असताना, म्हणजे कपडे बदलताना, आंघोळ करताना वगैरे, तिला चोरून पाहणं किंवा तिचा फोटो-व्हिडिओ काढणं गुन्हा आहे. नदीवर किंवा यात्रेत उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बायांकडे कॅमेरा वळवताना हे लक्षात असू द्या.

• अत्याचाराला बळी पडलेल्या मुलामुलीची ओळख उघड होईल असा फोटो, नाव, शाळा, घर काहीही पसरवायला पॉक्सो कायदा, २०१२ मनाई करतो. गावाच्या ग्रुपवर "न्याय मिळावा" म्हणून मुलीचा फोटो फिरवणारे लोकही यात येऊ शकतात.

आता एआयमुळे धोका वाढला आहे. साध्या, पूर्ण कपड्यांतल्या फोटोवरूनही खोटे घाणेरडे फोटो तयार करता येतात. म्हणून मैत्रिणीचा, वहिनीचा, वर्गातल्या मुलीचा फोटो तिला न विचारता सार्वजनिक पोस्ट करू नका. असा बनावट फोटो तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट आणि पाठवणाऱ्याचा नंबर पुरावा म्हणून ठेवा, जिचा फोटो आहे तिला किंवा तिच्या घरच्यांना शांतपणे सांगा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करायला मदत करा. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे. आणि त्या मुलीला "तू फोटो टाकलासच कशाला?" असं विचारू नका. गुन्हा तिनं केलेला नाही.

लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारूनच काढा. शाळेचं नाव असलेला गणवेश, घराचा पत्ता, अंघोळीचे फोटो कधीच पोस्ट करू नका.

९. यात्रा, देऊळ आणि लग्न

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीला मोठी यात्रा भरते. बंजारा समाजाच्या वारशाची ओळख करून देणारं 'नंगारा' संग्रहालय तिथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालं. अशा ठिकाणी फोटो काढताना:

• "फोटो काढण्यास मनाई" अशी पाटी असेल तर वाद घालू नका. पाटी नसेल तर पुजारी किंवा सेवेकऱ्याला विचारा.

• दर्शनाच्या रांगेत सेल्फीसाठी थांबू नका. मागे म्हातारी माणसं आणि लेकरं घेतलेल्या बाया उभ्या असतात. गर्दीत एक जण थांबला की मागून ढकलाढकली सुरू होते आणि चेंगराचेंगरी अशीच होते.

• डोळे मिटून हात जोडलेल्या, रडणाऱ्या किंवा अंगात आलेल्या माणसाच्या तोंडासमोर फोन धरू नका.

लग्नात फेटा बांधून फिरणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती. मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला होतो तो क्षण एकदाच येतो. त्या वेळी दहा जण फोन घेऊन पुढे घुसले की वधू-वराच्या आल्बममध्ये फक्त हात आणि मोबाईल येतात. ज्यानं पैसे घेऊन काम घेतलंय त्या फोटोग्राफरला जागा द्या. तुमचे फोटो हळदीत, पंगतीत, पाहुण्यांच्या गप्पांत काढा. तिथे तो पोचत नाही, तुम्ही पोचता.

पोळ्याला बैलांच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नका. वाजंत्री आणि गर्दीनं बैल आधीच बुजलेला असतो. बाजूला उभे राहा, मालकाला विचारा, आणि बैलाच्या मागच्या पायांपासून लांब राहा.

१०. काळवीट आणि तणमोर: लोकेशन सांगू नका

इंझोरीच्या परिसरात राहणाऱ्यांचं एक भाग्य म्हणजे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य. सुमारे १८ चौरस किलोमीटरचं हे गवताळ माळरान आहे. काळा-पांढरा, पीळदार शिंगांचा नर आणि फिकट तपकिरी माद्यांचा कळप पाहिला की हात आपोआप फोनकडे जातो.

काळवीट जीव तोडून पळतं, त्यामुळे मोटारसायकलवर पाठलाग करून व्हिडिओ काढायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. उन्हाळ्यात आधीच पाणी कमी असतं. पळवलेलं जनावर थकतं, तारेच्या कुंपणात अडकतं किंवा रस्त्यावर गाडीखाली येतं. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच काळविटाला. त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. काळविटाची मादी पिल्लाला पहिले काही दिवस गवतात लपवून ठेवते आणि स्वतः लांब चरते. एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते सोडून दिलेलं आहे असं नाही. त्याला हात लावू नका, उचलून सेल्फी काढू नका, घरी आणू नका. एवढंच करा की शांतपणे निघून जा. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

अकोला-वाशिम भागातल्या गवताळ माळरानांत पावसाळ्यात तणमोर दिसल्याच्या नोंदी आहेत. विणीच्या काळात नर गवतातून उंच उडी मारून मादीचं लक्ष वेधतो. हा पक्षी २०२१ पासून जागतिक पातळीवर 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. असा दुर्मिळ पक्षी किंवा कुणाचंही घरटं दिसलं तर नेमकी जागा पोस्टमध्ये लिहू नका. तुमच्यामागून पन्नास जण तिथे येतील, त्यात एखादा शिकारीही असेल. "वाशिम जिल्हा" एवढं लिहिलं तरी पुरे. घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला करून फोटो काढू नका. त्या फांद्यांमुळेच ऊन आणि कावळे घरट्यापासून लांब राहतात.

फोनमधून काळवीट लहान दिसतं, हे खरं. मग ते लहानच दिसू द्या. अफाट माळ, वर मोठं आभाळ आणि मधे कळप, हा फोटो जवळच्या धूसर फोटोपेक्षा कितीतरी चांगला वाटतो.

११. अपघात झाला तर आधी फोन लावा

समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. या रस्त्यावर गाडी उभी करून रील काढणारे दिसतात. ताशी १०० च्या पुढे धावणाऱ्या गाडीला थांबायला खूप अंतर लागतं. रीलसाठी रस्त्यावर उतरलात तर तुम्ही स्वतःचा जीव तर घालवालच, मागच्याचाही घालवाल.

कुठेही अपघात दिसला तर फोन काढा, पण तो १०८ किंवा ११२ लावण्यासाठी. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील, ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४ए जोडलं गेलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण मिळालं आहे.

जखमी किंवा मृत माणसाचा चेहरा कधीही पोस्ट करू नका. घरी आई वाट पाहत असते. मुलगा गेल्याची बातमी तिला ग्रुपवरच्या फोटोतून कळावी, याच्यासारखं वाईट दुसरं काही नाही. पुराव्यासाठी फोटो लागणार असतील तर गाड्यांची स्थिती, नंबर प्लेट, रस्त्यावरच्या खुणा एवढंच काढा आणि ते पोलिसांना द्या.

हाच नियम घरात दुःख झालेल्या शेतकऱ्याला लागू आहे. गारपिटीनं पीक झोपलं असेल, तर नुकसान जगाला दाखवणं गरजेचं आहे. पण बांधावर डोक्याला हात लावून बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारता टाकणं वेगळं. पिकाचा फोटो काढा, माणसाला आधी विचारा.

१२. शेतातला फोटो पुरावा म्हणून कसा काढायचा?

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः ॲपमधून पिकाचा फोटो काढतो आणि ती नोंद सातबारावर जाते. अनेक घरांत हे काम मुलं-मुलीच करतात. त्यासाठी काही टिप्स:

• फोनचं लोकेशन सुरू ठेवा आणि प्रत्यक्ष शेतात उभे राहूनच फोटो काढा. मोकळ्या आभाळाखाली जीपीएस लवकर जुळतं.

• फोटोत पीक ओळखू आलं पाहिजे. नुसतं हिरवं दिसून उपयोग नाही, पानं आणि शेंगा स्पष्ट दिसाव्यात.

• नुकसान झालं असेल तर स्वतःच्या नोंदीसाठी तीन प्रकारचे फोटो ठेवा: लांबून संपूर्ण शेत, मधल्या अंतरावरून काही ओळी, आणि जवळून एक झाड. बांध, विहीर किंवा ओळखीचं झाड एका फोटोत येऊ द्या.

• अशा फोटोंवर फिल्टर लावू नका, क्रॉप करू नका. मूळ फाइल जपून ठेवा.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-लोकेशनची लपलेली माहिती निघून जाते. मूळ फाइल पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोतून तुमच्या घराचं नेमकं ठिकाण समोरच्याला कळू शकतं. अनोळखी माणसाला फोटो पाठवताना आधी लोकेशन काढून टाका, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग बंद ठेवा.

१३. एडिटिंग: किती करायचं?

जून २०२० मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. फोटो फिरू लागले तेव्हा अनेकांना वाटलं की कुणीतरी एडिटिंग केलं आहे. पण रंग खराच बदलला होता. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. यातून शिकण्यासारखं काय? आपण रोज आभाळ जांभळं आणि शेत पोपटी करून टाकत राहिलो, तर खरंच काही वेगळं घडलं त्या दिवशी आपल्या फोटोवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

उजेड थोडा वाढवणं, तिरपा फोटो सरळ करणं, कडेचा पसारा कापणं, हे चालतं. दुसरं आभाळ चिकटवलं, एआयनं माणूस काढला किंवा घातला, तर तसं कॅप्शनमध्ये लिहा. बातमीच्या, पुराच्या, नुकसानीच्या फोटोत तर काहीच बदलू नका.

१४. फोटो कुणाचा?

प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे साधारणपणे ज्यानं फोटो काढला तो त्याचा पहिला मालक असतो. गूगलवर सापडला म्हणजे फुकट झाला असं नाही. दुसऱ्याचा फोटो वापरायचा तर विचारा आणि नाव द्या. त्यावरचं नाव कापून आपलं नाव टाकणं म्हणजे सरळ चोरी. मित्राच्या फोनवर मित्रानं काढलेला फोटो असेल तर "फोटो: अमुक" एवढे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो?

थोडक्यात, बटण दाबण्याआधी

१. लेन्स पुसली का?

२. उजेड कुठून येतोय? मागे काय दिसतंय?

३. समोरच्या माणसाला विचारलं का? पोस्ट करण्याचं वेगळं विचारलं का?

४. या फोटोमुळे कुणाची वाट अडते आहे का, कुणाचा जीव धोक्यात येतो आहे का?

५. फोटोत माझी आई किंवा बहीण असती तर मी हा फोटो टाकला असता का?

आणि शेवटचं काम. महिन्यातून एकदा फोनमधले फोटो पेन ड्राइव्हमध्ये, संगणकावर किंवा क्लाउडवर उतरवून ठेवा. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, कधी अचानक बंदच होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे एक-दोन चांगले फोटो स्टुडिओत जाऊन कागदावर छापून आणा. अनेक घरांत आजोबांचा एकच फोटो असतो, तोही आधार कार्डावरचा. तुमच्या हातात कॅमेरा आहे. या रविवारी सकाळी त्यांना ओसरीत बसवा, चेहरा उजेडाकडे करा आणि विचारा, "आबा, फोटो काढू काय?"